शून्य रुग्ण आणि त्या शून्याची खात्री

हिवतापाच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय आराखडा 2016 मध्ये जाहीर झाला. 2027 पर्यंत देशात स्थानिक संसर्गाचा एकही रुग्ण उरू नये आणि 2030 पर्यंत देश हिवतापमुक्त व्हावा, हे त्याचे उद्दिष्ट. आकडे त्या दिशेने सरकले आहेत, यात शंका नाही. 2015 मध्ये देशात सुमारे 11 लाख 69 हजार रुग्ण नोंदले गेले. 2023 मध्ये ही संख्या 2 लाख 27 हजारांच्या घरात आली. मात्र त्याच 2023 सालासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सुमारे 20 लाख रुग्णांचा आहे. पहिला आकडा सरकारी यंत्रणेने तपासलेल्या रक्तनमुन्यांतून आलेला आहे, दुसरा गणिती प्रारूपातून. दोन्ही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत आणि दोहोंत जवळपास नऊ पटींचे अंतर आहे. हिवतापाविरुद्धच्या लढ्यात आकडेवारीचे विश्लेषण आणि गणिती प्रारूपे यांचा उपयोग किती, या प्रश्नाचा आढावा घेताना हे अंतर सतत नजरेसमोर ठेवावे लागते. रुग्ण लाखांनी होते तेव्हा साथ कधी आणि कुठे येईल, हे सांगणे ही गणिताची मुख्य कामगिरी होती. रुग्ण कमी होत जातात तसा प्रश्न पालटतो. नोंदवहीत शून्य आले, तर ते रोग संपल्यामुळे आले की शोध थांबल्यामुळे, हे ओळखणे जास्त महत्त्वाचे ठरते. मराठवाड्यासारख्या, नोंदलेले रुग्ण फारच कमी असलेल्या प्रदेशात तर खरा प्रश्न हाच आहे.

पार्श्वभूमी

हिवतापाचे गणित भारतातच रुजले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. रोनाल्ड रॉस यांनी 1897 च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला डासाच्या जठरात परजीवी पाहिला, हे शाळेतही शिकवले जाते. त्यांनी पुढची काही वर्षे गणितावर खर्च केली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. प्रत्येक डास मारण्याची गरज नाही, डासांची संख्या एका ठरावीक पातळीखाली नेली की रोगाचा प्रसार आपोआप थांबतो, असे त्यांनी समीकरणांतून दाखवले. 1911 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत हे विवेचन आहे. त्यांचे तरुण सहकारी अँडरसन मॅकेंड्रिक यांनी भारतात लष्करी वैद्यकीय सेवा केली आणि पुढे साथरोगांच्या गणिताचा पाया घातला. विल्यम कर्मॅक यांच्यासोबतचा त्यांचा 1927 चा निबंध आज जगभर आधारभूत मानला जातो. त्यातली समीकरणे ज्या आकड्यांवर पडताळली गेली ते 1905-06 च्या मुंबईतल्या प्लेगमृत्यूंचे आकडे होते.

1911 हेच साल आणखी दोन कामांमुळे लक्षात ठेवण्यासारखे आहे. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल दिला आणि शहरातल्या विहिरी व पाण्याच्या टाक्या हेच ॲनाफिलिस स्टिफेन्सी या डासाचे घर असल्याचे दाखवले. विहिरी झाकण्याच्या सूचनेला धार्मिक कारणांवरून विरोध झाला आणि हा वाद पुढे बरीच वर्षे चालला. त्याच वर्षी रिकार्ड क्रिस्टोफर्स यांनी पंजाबातल्या 1908 च्या भीषण साथीचे विश्लेषण मांडले. पाऊस आणि तापाचे मृत्यू यांचा संबंध त्यांनी दाखवलाच, शिवाय धान्य महाग असलेल्या वर्षांत तोच पाऊस अधिक माणसे मारतो, हेही दाखवले. या धाग्यावरून सी. ए. गिल यांनी 1920 च्या दशकात पंजाबसाठी दरवर्षीचा साथ-अंदाज तयार करायला सुरुवात केली. जुलै-ऑगस्टचा पाऊस, मुलांमधल्या पाणथरी वाढल्याचे प्रमाण, धान्याचे भाव आणि मागच्या वर्षांचा तापाचा इतिहास एवढ्या सामग्रीवर तो बेतलेला असे. संगणक नव्हता, उपग्रह नव्हता. तरीही या अंदाजात उपासमारीला जागा होती. आजच्या कितीतरी प्रारूपांत तिला जागा नाही.

पुढचे मोठे पाऊल जॉर्ज मॅकडोनाल्ड यांचे, 1950 च्या दशकातले. डास एका रुग्णाला चावल्यावर परजीवी डासाच्या शरीरात वाढून दुसऱ्या माणसाला बाधण्याजोगा व्हायला साधारण दहा दिवस लागतात. रोज शंभरातले 90 डास जगत असतील, तर दहाव्या दिवशी 35 उरतात. फवारणीमुळे हे प्रमाण 80 वर आले, तर दहाव्या दिवशी जेमतेम 11 उरतात. डासांची पैदास तेवढीच राहिली तरी त्यांचे आयुष्य थोडेसे घटवले की धोकादायक डासांची संख्या तिपटीने खाली येते. घरातल्या भिंतींवर डीडीटी फवारण्याच्या मोहिमेला या हिशेबाने शास्त्रीय बळ दिले. मुंबई प्रांताने डी. के. विश्वनाथन यांच्या पुढाकाराने कारवार-धारवाड भागात 1946 च्या सुमारास हे काम आधीच हाती घेतले होते. 1953 मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम आणि 1958 मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असल्याचा अंदाज होता. 1965 मध्ये नोंद एक लाख रुग्णांवर आली. त्यानंतर मात्र गाडी उलटी फिरली आणि 1976 मध्ये 64 लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. डासांनी कीटकनाशके पचवली, पुरवठा रखडला, शहरे कार्यक्रमाबाहेर राहिली आणि आकडे खाली आल्यावर शोधमोहीम सैल पडली. श्रीलंकेचा अनुभव याहून बोलका आहे. 1963 मध्ये तिथे फक्त 17 रुग्ण सापडले होते; त्याच दशकाच्या अखेरीस लाखो लोक आजारी पडले. मॅकडोनाल्ड यांचे गणित चुकले नव्हते. जगण्याचे प्रमाण 80 वरच राहील, हे गृहीत मात्र कोणी तपासत राहिले नाही.

आजच्या तीन भूमिका

सध्याच्या चर्चेत ढोबळमानाने तीन मते दिसतात. पहिले मत हवामानाधारित इशाऱ्यांचे. वायव्य भारतातल्या कच्छ, बाडमेरसारख्या कोरड्या जिल्ह्यांत पावसाळ्यातला पाऊस आणि शरदातला हिवताप यांचे नाते घट्ट असल्याचे अनेक अभ्यासांनी दाखवले आहे. दक्षिण अटलांटिक महासागराच्या पृष्ठतापमानावरून चार महिने आधी धोका सांगता येतो, असा निष्कर्ष 2013 मध्ये मांडला गेला. अहमदाबाद आणि सुरत या शहरांवरच्या 2022 च्या अभ्यासात पावसापेक्षा हवेतली आर्द्रता निर्णायक ठरली. आपल्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने पुणे आणि नागपूर या जिल्ह्यांसाठी हिवताप व अतिसाराच्या इशाऱ्याचा प्रयोग केला, आणि पुण्यातल्या डेंग्यूविषयी दोन महिने आधी अंदाज देता येईल असेही दाखवले. या मताची ताकद उघड आहे. गोळ्या, तपासणी संच आणि मनुष्यबळ हलवायला वेळ मिळतो.

दुसरे मत रोगाच्या यंत्रणेचे प्रारूप बांधणाऱ्यांचे. डास, परजीवी, माणूस आणि उपाय यांची साखळी संगणकात उभी करायची आणि मच्छरदाण्या वाटल्या तर काय होईल, सगळ्यांना एकाच वेळी औषध दिले तर काय होईल, असे प्रश्न तिला विचारायचे. नायजेरियातल्या गार्की इथे 1969 ते 1976 या काळात झालेल्या प्रयोगाने या शाखेला जन्म दिला. तिथे फवारणी आणि सामूहिक औषधोपचार एकत्र करूनही प्रसार तुटला नाही. का तुटला नाही, याचे उत्तर सोबत बांधलेल्या प्रारूपाने दिले. लंडन, बासेल आणि सिएटल इथल्या गटांची आजची मोठी प्रारूपे याच परंपरेतली आहेत. कमी पैशांत कुठला उपाय कुठे वापरावा, हे ठरवायला ती उपयोगी पडतात. अडचण अशी की ती बहुतांशी आफ्रिकेतल्या फाल्सिपेरम प्रकारच्या हिवतापावर घडवलेली आहेत. आपल्याकडे व्हायव्हॅक्स हा प्रकारही मोठ्या प्रमाणावर आहे. तो यकृतात महिनोन्‌महिने दडून राहतो आणि नव्याने डास न चावताही उलटतो. मग जानेवारीत आलेला ताप त्या महिन्यातल्या संसर्गाचा की गेल्या पावसाळ्यातला, हे नोंदवहीवरून कळत नाही.

तिसरे मत क्षेत्रात काम करणाऱ्यांचे: आधी माणूस पाठवा, मग गणित करा. मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात 2017 पासून चाललेल्या प्रकल्पात टॅब्लेटवर घरोघरची नोंद, तत्काळ तपासणी आणि औषध पूर्ण घेतल्याचा पाठपुरावा यांवर भर होता. तीन वर्षांत रुग्णसंख्या 91 टक्क्यांनी घटल्याचे तिथे नोंदले गेले. ओडिशाच्या ‘दमन’ मोहिमेत आणि छत्तीसगडच्या बस्तरमध्ये ताप असो वा नसो, दुर्गम पाड्यांतल्या प्रत्येकाचे रक्त तपासले गेले आणि बाधितांत लक्षणे नसलेल्यांचा वाटा फार मोठा निघाला. ताप आला की तपासणी, या पद्धतीवर उभ्या असलेल्या कोणत्याही आकडेवारीत ही माणसे येतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 ते 2030 च्या धोरणानेही सर्वेक्षण हाही एक मुख्य उपाय मानावा, असे म्हटले आहे. मला हे तिसरे मत पहिल्या दोहोंचे विरोधक वाटत नाही. त्या दोहोंना लागणारा कच्चा माल तेच पुरवते.

एका राज्यातले तीन हिवताप

महाराष्ट्राकडे पाहिले की एकच प्रारूप सगळीकडे का चालत नाही, हे स्पष्ट होते. 2023 मध्ये राज्यात सुमारे 16 हजार रुग्ण नोंदले गेले. त्यांत मुंबईचे सात हजारांहून अधिक आणि गडचिरोलीचे पाच हजारांहून अधिक होते. गडचिरोलीतला, विशेषतः भामरागडसारख्या तालुक्यांतला हिवताप जंगलाचा आहे. फाल्सिपेरम, ओढ्याकाठचे डास, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि छत्तीसगडची उघडी सीमा हे तिथले मुख्य घटक. मुंबईतला हिवताप बांधकामांचा, गच्चीवरच्या टाक्यांचा आणि मजुरांच्या ये-जा करण्याचा आहे. बेंटली यांनी दाखवलेला स्टिफेन्सी डास तिथे शंभर वर्षांनंतरही आहे.

मराठवाड्याचे चित्र तिसरेच. छत्रपती संभाजीनगर शहराला पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी येते, पण गेली कित्येक वर्षे बऱ्याच वसाहतींत नळाच्या दोन पाळ्यांमध्ये पाच-सहा दिवसांचे, कधी आठवड्याहून जास्त अंतर पडत आले आहे. साहजिकच घरोघरी हौद, प्लास्टिकच्या टाक्या, ड्रम आणि रांजण भरलेले असतात. उबदार हवेत अंड्यापासून डास बाहेर पडायला आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, भांडी रिकामी करून पुसून घ्या, असे सांगतो. ज्या घरात पुढचे पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, तिथे हौद रिकामा होत नाही. त्याच साठ्यात डेंग्यूचा एडिस डासही वाढतो. पावसावर बेतलेले प्रारूप इथे आणले, तर ते दुष्काळी वर्ष सुरक्षित ठरवेल. प्रत्यक्षात पाऊस कमी म्हणजे साठवण जास्त आणि साठवण जास्त म्हणजे डासांना घरातच जागा. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या वर्षी मराठवाड्यात पावसाचा आकडा डासांविषयी काय सांगू शकला असता? इथे पर्जन्यमानापेक्षा वॉर्डनिहाय पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक अधिक मोलाचे आहे. ते पाणीपुरवठा विभागाकडे असते. कंटेनर सर्वेक्षणात किती भांड्यांत अळी सापडली, ही नोंद आरोग्य विभागाकडे. हे दोन कागद शेजारी ठेवले, तर कुठल्या वसाहतीत अबेट हे अळीनाशक टाकायचे, कुठे गप्पी मासे सोडायचे आणि कुठे पाण्याची पाळी अलीकडे आणायची, हे ठरवायला अवघड गणिताचीही गरज पडणार नाही.

हा विषय आता आपल्यापुरता उरलेला नाही. 2012 मध्ये जिबुतीत सापडलेला स्टिफेन्सी पुढे इथिओपियापर्यंत पसरला आणि 2022 मध्ये तिथल्या दिरे दावा शहरातल्या उद्रेकाशी त्याचा संबंध आढळला. आफ्रिकेतल्या शहरांत सुमारे साडेबारा कोटी लोकांना त्याचा धोका आहे, असा अंदाज 2020 मध्ये मांडला गेला. साठवलेल्या पाण्यावर जगणाऱ्या या डासाचा सर्वांत जुना अनुभव भारतीय शहरांकडे आहे. तो आकड्यांच्या रूपात नीट मांडला गेला, तर त्याचा उपयोग दूरवर होईल.

पाया किती भक्कम?

2010 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने भारतात दरवर्षी हिवतापाने सुमारे 2 लाख 5 हजार मृत्यू होत असल्याचे म्हटले. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज 15 हजारांचा होता आणि सरकारी नोंद हजाराच्या आसपास. अभ्यासकांनी मृतांच्या नातेवाइकांकडून अखेरच्या आजाराची हकिकत घेऊन मृत्यूचे कारण ठरवले होते. हकिकतीवरून हिवताप आणि इतर ताप वेगळे करता येत नाहीत, असा संघटनेचा आक्षेप होता. घरी, रक्ततपासणीविना झालेले मृत्यू सरकारी आकड्यांत कधी आलेच नाहीत, असे अभ्यासकांचे उत्तर होते. दोन्ही बाजूंचे म्हणणे वजनदार आहे. नक्की आकडा त्या वादातून ठरला नाही. पण आपला आकडा किती मोठ्या टापूत डोलतो, हे प्रथमच जाहीरपणे दिसले.

जिल्हा पातळीवर हाच प्रश्न साध्या हिशेबातून समजतो. हिवतापाची तीव्रता दर हजार लोकसंख्येमागे वर्षात किती रुग्ण, या निर्देशांकाने मोजतात आणि तो एकाच्या खाली असला की जिल्हा कमी जोखमीचा. 2011 च्या जनगणनेनुसार तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 37 लाख. म्हणजे वर्षाला 3,700 रुग्ण सापडेपर्यंत निर्देशांक एकाच्या आत. समजा, पाचशे वस्तीच्या एका तांड्यावर 20 जणांना हिवताप झाला. तांड्याचा निर्देशांक 40 होईल, गडचिरोलीची आठवण करून देणारा. जिल्ह्याच्या सरासरीत मात्र त्याचा मागमूस राहणार नाही. शिवाय निर्देशांक तपासणीवर अवलंबून आहे. लोकसंख्येच्या किमान दहा टक्के रक्तनमुने वर्षभरात तपासावेत, असा जुना दंडक आहे. तो लक्ष्य म्हणून पुरा करताना काचपट्ट्या सोयीच्या गावांतून जास्त येतात आणि लांबच्या वस्त्यांतून कमी. शून्याचा अर्थ लावायचा एक सोपा संख्याशास्त्रीय नियम आहे. 300 नमुने तपासले आणि एकही बाधित निघाला नाही, तरी प्रत्यक्ष बाधितांचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत असू शकते. 3,000 तपासले, तर ते हजारी एकापर्यंत असू शकते. म्हणून किती तपासले, हे सांगितल्याविना शून्य रुग्ण या शब्दांना फारसा अर्थ नाही.

खासगी दवाखान्यांचा भाग याहून अंधूक आहे. शहरात ताप आलेला माणूस बहुधा आधी जवळच्या डॉक्टरकडे जातो. तपासणी झाली न झाली, औषध सुरू होते. हिवतापाची सूचना देणे अनेक राज्यांनी बंधनकारक केले असले, तरी बाधा न निघालेल्या नमुन्यांची संख्या खासगी प्रयोगशाळांकडून क्वचितच मागितली जाते, आणि शून्याची खात्री तर त्या संख्येवरच अवलंबून असते. स्थलांतराचेही तेच. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतले ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीनंतर घर सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कोपीत राहताना लागण झाली आणि गावी आल्यावर ताप चढला, तर रुग्ण गावच्या खात्यावर पडतो, फवारणीही गावातच होते. केनियात मोबाइलच्या नोंदींवरून लोकांच्या हालचाली आणि हिवताप यांचा मेळ घालणारा अभ्यास 2012 मध्ये झाला. आपल्याकडे एवढे दूर जायला नको. रुग्णाच्या अर्जावर मागच्या महिन्यात मुक्काम कुठे होता, हा रकाना नीट भरला गेला, तरी बरेच साधेल.

आक्षेप

मराठवाड्यात हिवताप उरलाच किती, मग त्यावर हा खटाटोप कशाला, हा पहिला आक्षेप. डेंग्यू अधिक त्रास देतो, हे खरेच आहे. पण अळीचे सर्वेक्षण, पाण्याचे वेळापत्रक आणि तापाच्या रुग्णांची नोंद दोन्ही रोगांना सारखीच लागते, आणि 1965 नंतरचा अनुभव कमी आकड्यांच्या काळातल्या ढिलाईचीच किंमत सांगतो. आकडेच कच्चे असतील तर त्यांवरचे प्रारूपही कच्चे, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तो मान्य करूनही असे म्हणता येते की चांगले प्रारूप आपल्या अनिश्चिततेचा पट्टा दाखवते आणि कुठे आणखी नमुने घ्यावेत, ते सुचवते. पट्टा न दाखवता एकच आकडा देणारे प्रारूप मात्र स्वीकारू नये. इशाऱ्यांनाही हीच कसोटी लावायला हवी. मागच्या पाच वर्षांतल्या त्याच महिन्याच्या सरासरीपेक्षा जे प्रारूप सरस ठरत नाही, त्याचा संगणकीय थाट कितीही असो, आरोग्य केंद्राला त्याचा उपयोग नाही. तिसरा आक्षेप आशा कार्यकर्ती आणि आरोग्य सेवकांच्या बाजूचा आहे: नोंदींचे ओझे आधीच जड, त्यात आणखी एक ॲप. हा आक्षेप मला पूर्ण पटतो. रोग सर्वेक्षणासाठी केंद्राचे एकत्रित आरोग्य माहिती व्यासपीठ अस्तित्वात आहे; नव्या नोंदी वाढवण्याआधी तिथे भरलेली माहिती त्याच उपकेंद्राला नकाशाच्या रूपात परत मिळावी. आपण भरलेल्या आकड्याचे पुढे काय झाले, हे ज्याला कधीच कळत नाही, त्याच्याकडून अचूकतेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. वस्तीनिहाय नकाशे जाहीर झाल्यास एखाद्या तांड्यावर किंवा वसाहतीवर शिक्का बसेल, ही भीतीही खोटी नाही. नाव आणि घर वगळून गटवार आकडे देणे हा त्यावरचा मार्ग आहे.

काय अनिर्णित आहे

लक्षणे नसलेले बाधित लोक प्रसारात किती भर घालतात, व्हायव्हॅक्सच्या उलटण्यातले आणि नव्या संसर्गातले रुग्ण वेगळे कसे करायचे, यकृतातला व्हायव्हॅक्स मारणाऱ्या प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा कोर्स प्रत्यक्षात किती जण पुरा करतात, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बहुतेक भारतीय प्रारूपांत गृहीत धरलेली आहेत, मोजलेली नाहीत. साठवलेल्या पाण्यावर पोसलेल्या शहरी हिवतापाचे प्रारूप हवामानशास्त्रज्ञांनी बांधायचे की महापालिकेच्या अभियंत्यांसोबत बसून, हेही ठरायचे आहे. हिवतापमुक्तीच्या प्रमाणपत्रासाठी सलग तीन वर्षे स्थानिक संसर्ग शून्य असल्याचा पुरावा लागतो. श्रीलंकेने 2012 नंतर तो जमवला आणि 2016 मध्ये प्रमाणपत्र मिळवले; 1963 च्या 17 रुग्णांनंतर जे घडले, ते पुन्हा घडू नये म्हणून तिथे रुग्ण नसतानाही तपासण्या चालू राहिल्या.

छत्रपती संभाजीनगर आणि मराठवाड्यातल्या इतर जिल्ह्यांनी याची सुरुवात एका साध्या गोष्टीने करावी. दर महिन्याला तालुका आणि वॉर्डनिहाय रुग्ण किती सापडले, हे जाहीर करताना त्याशेजारी रक्तनमुने किती तपासले, त्यांत खासगी प्रयोगशाळांचे किती आणि नळाला पाणी किती दिवसांनी आले, हे तीन आकडे छापावेत. अभ्यासक त्यावर प्रारूपे बांधतीलच. नगरसेवकाने, पत्रकाराने आणि वाचकानेही शून्य रुग्णांची बातमी वाचताना तपासणी किती झाली, हे विचारावे.